मीटरवाला आणि तक्रार क्रमांक एक्केचाळीस

मी मीटरवाल्याला बावीस वर्षं ओळखत होतो असं सलूनवाला गावभर सांगत सुटला, म्हणून हे लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर या बावीस वर्षांत आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत होती आणि माझी ओळख मुख्यतः त्या भिंतीशीच होती. तो सकाळी किती वाजता खाकरतो, चपला किती वेळा आपटून झटकतो, रेडिओवरच्या बातम्यांना काय उलट उत्तरं देतो, हे मला पाठ होतं. माणूस म्हणून तो कसा होता, असं विचाराल तर मी वहिनींकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, बोट दाखवीन. आणि वहिनी म्हणतात, "मला तरी कुठे कळले? मी फक्त संसार केला." तेव्हा वाचणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नयेत. मी शाळेच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. लिहिली ती बाटल्यांवरची लेबलं.

तो पाणी खात्यात होता. घरोघरी जाऊन मीटर वाचणं एवढंच त्याचं काम. गुडघ्यावर बसायचं, हुकाने लोखंडी झाकण उचलायचं, आतल्या कोळ्याला बाजूला सारायचं, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि झाकण परत बसवायचं. अशी दिवसाला नव्वद झाकणं. घरमालक डोक्यावर उभा राहून ओरडायचा, "एवढं पाणी आम्ही प्यायलो? घरात हत्ती पाळलाय काय?"

हा मान वर न करता म्हणायचा, "मागचा आकडा हा. आजचा आकडा हा. हत्तीचं मला माहीत नाही."

असा माणूस परक्या चलनाच्या भानगडीत पडायला नको होता. पण त्या काळात सगळेच पडत होते. फोनच्या पडद्यावर एका देशाचं चलन घ्यायचं, दुसऱ्या देशाचं विकायचं, भाव हलला की मधला फायदा आपला. मध्ये दलाल कंपनी. या कंपन्यांचं मन इतकं मोठं की पैसे घ्यायला त्या चोवीस तास जाग्या असत आणि परत द्यायची वेळ आली की त्यांना गाढ झोप लागे. मीटरवाल्याने अशाच एका कंपनीत थोडे पैसे टाकले. ते पडद्यावर वाढले. त्याने परत मागितले. उत्तर आलं, "आमच्या यंत्रणेची देखभाल सुरू आहे." त्याने तारीख घालून ते वहीत लिहिलं. आठवड्याने पुन्हा मागितले. उत्तर आलं, "आपल्या सहीचा उतार जुळत नाही." तेही लिहिलं. अशी चौदा उत्तरं जमली. दुसरा कोणी असता तर कंपनीच्या नावाने बोटं मोडून गप्प बसला असता. याने मुलीचा जुना संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला आणि चौदाही उत्तरं तारखांसकट इंटरनेटवर लावून टाकली. खाली लिहिलं, "आणखी कोणाकडे अशी असतील तर कळवावं."

कळवायला माणसं तयारच होती. सहा महिन्यांत कुठल्या कुठल्या शहरांतली दोन-अडीचशे माणसं जमली. त्यांनी स्वतःला 'पहारा' असं नाव दिलं. आमच्या चौकातला सलूनवाला त्यांतलाच. आठवडाभर रिकाम्या खुर्चीसमोर बसून चलनं विकायचा आणि रविवारी गिऱ्हाइकांच्या दाढ्या करून तो तोटा भरून काढायचा.

पहाऱ्याचे नियम मीटरवाल्याने ठरवले आणि ते मीटरचेच होते. तक्रार करणाऱ्याला प्रश्न तीनच. पैसे कधी टाकले? परत कधी मागितले? उत्तर काय आलं? बाकी सगळं तो खोडायचा. लोक पानपानभर 'चोर', 'लुटारू', 'यांचं वाटोळं होईल' असं लिहून पाठवत. तो ते काढून टाकी. म्हणे, "शिवी मोजता येत नाही." दुसरा नियम याहून अजब. प्रत्येक तक्रारीखाली कंपनीचं उत्तर छापायचं आणि ते एक शब्दही न गाळता पूर्ण छापायचं.

यावर सलूनवाला भडकायचा. "मीटरवाले, चोराला खुर्ची कशाला देता?"

"उभा ठेवला तर पळेल म्हणून."

आता एक्केचाळीस नंबरची तक्रार. ती माझी होती. इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. आता लिहायलाच बसलो आहे तर लपवून काय करू?

मुलाने छप्पर नीट करायला पैसे पाठवले होते. छप्पर गळत होतंच, पण फार नाही. मधल्या काळात मला एका कंपनीच्या माणसाचा फोन येऊ लागला. तो मला रोज 'सर' म्हणे आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करी. मुलाने वर्षभरात जेवढ्या वेळा गुडघा विचारला नसेल तेवढा याने एका महिन्यात विचारला. कंपनीच्या जाहिरातीत एक चकचकीत कचेरी होती आणि तिथल्या टेबलावर ही मोठी फुलदाणी. म्हणून पहाऱ्यातले सगळे तिला 'फुलदाणी' म्हणत. मी फुलदाणीत छपराचे पैसे घातले. प्रयोगशाळेची सवय जाईना, म्हणून दर तासाला आलेखाच्या वहीत दोन भाव टिपून ठेवू लागलो, एक फुलदाणीच्या पडद्यावरचा आणि एक बँकेच्या पाटीवरचा. एका दुपारी फुलदाणीचा भाव एकदम खाली कोसळला, माझा सौदा बुडाला आणि पाच मिनिटांत भाव सुतासारखा सरळ झाला. बँकेच्या पाटीवर काहीच हललं नव्हतं. म्हणजे मी ज्या भावात बुडालो तो भाव फुलदाणीबाहेर जगात कुठेच नव्हता. बुडण्यासाठी मला खास खड्डा खणून दिला होता म्हणायचा.

वही घेऊन मी शेजारी गेलो. मीटरवाल्याने ती अर्धा तास बघितली. मग म्हणाला, "अण्णा, चाळीस तक्रारी आल्या, पण असं रीडिंग कोणी घेतलं नव्हतं."

आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मी लगेच म्हणालो, "माझं नाव मात्र नको. मुलाला कळलं तर..."

"नाव येणार नाही," तो म्हणाला. विषय संपला.

तक्रार लागली आणि फुलदाणीला मिरच्या झोंबल्या. पैसे अडकले म्हणून रडणारी माणसं तिला परवडत होती, पण भावच बनावट आहे असं आकड्यांत मांडणारी वही परवडण्यासारखी नव्हती. माझी ओळख पटेल असं मीटरवाल्याने काही छापलं नव्हतं, फक्त वेळ आणि भाव. आणि त्या पाच मिनिटांत कंपनीने एका दमात इतकी माणसं बुडवली होती की त्यांतला मी कोण हे तिलाही शोधता येईना. तेव्हा तिने सोपं काढलं. एक्केचाळीस नंबरचा माणूसच नाही म्हणाली. मीटरवाल्याने तो घरी बसून बनवला. असेल तर समोर आणा, नाहीतर माफी मागा आणि दुकान बंद करा.

आधी साखर पेरून झाली. 'आमची जाहिरात आपल्या पानावर लावू, आपल्यालाही चार पैसे मिळतील,' असं पत्र आलं. मीटरवाल्याने ते पत्रच पूर्ण छापलं. मग वकिलाची नऊ पानी नोटीस आली. तीही छापली. मग एक दिवस पहाऱ्याचं पान उघडेना. कुठून कुठून लाखो खोटी गिऱ्हाइकं एकदम दारात लोटली म्हणे आणि दार मोडलं. चार दिवसांनी ते उघडलं तोवर इंटरनेटवर मीटरवाल्याची कीर्ती पसरली होती. 'हा माणूस कंपन्यांकडून हप्ते घेतो.' 'याने माझ्या विधवा मावशीला धमकावलं.' एकाच रात्रीत अशा तीनशे जणांचं मन दुखावलं होतं आणि सगळ्यांची शुद्धलेखनाची चूक एकच होती. मुलीच्या शाळेत, जिथे ती शिकवायची, मुख्याध्यापिकेकडे त्याचा फोटो पोचला. फोटोत तो मीटर वाचायला वाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पैसे लपवताना'.

यातलं एकही शस्त्र त्याला लागलं नाही. तो म्हणे, "यात आकडा कुठेय?" लागलं ते पुढचं. पाणी खात्याकडे निनावी पत्रं गेली, मीटरवाला पैसे घेऊन आकडे कमी लिहितो म्हणून. सगळ्या नोकरीत त्याच्या आकड्यावर वाद घालून कोणी जिंकलं नव्हतं, हे साहेबाला माहीत होतं. पण साहेब न्यायी माणूस. सही असलेल्या अर्जाला तो सहा महिने हात लावायचा नाही, निनावी पत्राची दखल त्याने त्याच दिवशी घेतली. चौकशी होईपर्यंत मीटरवाल्याची फेरी काढली आणि त्याला कोठारात बसवला, वॉशर मोजायला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौकशी अंगाशी आली असती तर पेन्शन लटकली असती.

पहारा म्हणावा तर तो या काळात फार शूरपणे पांगला. कोणाला ब्लडप्रेशर झालं, कोणाच्या घरी पाहुणे आले ते गेलेच नाहीत. शिवणकाम करणारी एक बाई आणि सलूनवाला, एवढे राहिले. आणि मी. मी तर भिंतीला कान लावून होतोच.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. "अहो, देऊन टाका ना नाव! कोण तो मेला एक्केचाळीस? तो घरात निवांत बसलाय आणि तुम्ही वॉशर मोजताय."

"शब्द दिलाय."

"शब्दाने पेन्शन मिळते का? भेटू दे मला एकदा. चांगली पूजा बांधते त्याची."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला चहाला बोलावलं आणि तासभर त्या एक्केचाळीस नंबरला शिव्या घातल्या. मी मान डोलावली. चहा चांगला होता. दुसरा कपही घेतला.

दोन दिवसांनी कोठारात एक गृहस्थ आले. मऊ बूट, मऊ आवाज. तेच माझ्या गुडघ्याची चौकशी करणारे असावेत असा माझा संशय आहे, पण मी तिथे नव्हतो. मला हे सगळं कोठारातल्या शिपायाने सांगितलं.

"सर, एकच नाव हवंय," ते म्हणाले.

"दोनशे अकरा, दोनशे बारा," मीटरवाला म्हणाला. "बोला. मी चुकत नाही."

"माणूस असेल तर दाखवा, नसेल तर माफी मागा. दोन्हीत तुमचंच भलं आहे. नाव मिळालं की ही पत्रंबित्रं थांबतात, असं ऐकलंय."

"कोणाकडून ऐकलंत?"

"वाऱ्याकडून, सर."

"मग वाऱ्याला सांगा, म्हणणं लेखी द्या. एक शब्द न गाळता छापतो. दोनशे तेरा."

गृहस्थ हसत गेले. त्या संध्याकाळी मी निश्चय केला. सरळ शेजारी जायचं आणि म्हणायचं, माझं नाव देऊन टाका. तो दारात बसून झाकणाचा हुक तेल लावून पुसत होता. फेरी काढून घेतली तरी हुक पुसायचं सोडलं नव्हतं.

मी म्हणालो, "मीटरवाले, ते एक्केचाळीसचं..."

"वही जपून ठेवा, अण्णा. ओल लागू देऊ नका. तुमचं छप्पर गळतं."

"ते नाही. मी म्हणतो, नाव..."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "काय म्हणताय, अण्णा?"

"पेचकस," मी म्हणालो. "पेचकस आहे का? आमचा सापडत नाहीये."

मीटरवाल्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आत जाऊन पेचकस आणून दिला. माझ्याकडे घरी तीन पेचकस होते. तो चौथा घेऊन मी घरी आलो आणि निश्चय त्याच्याबरोबर खणात ठेवला.

आठवड्याने फुलदाणीने खरंच लेखी म्हणणं पाठवलं. न गाळता छापतो, असं कोणी म्हटल्यावर फुकटची जाहिरात कोण सोडेल? सात पानं आपल्या सचोटीची आणि मागे जोडलेली महिन्याभराची भावांची यादी. तास तासाचा भाव, एकही तास न चुकवता. आमचे भाव किती स्वच्छ आहेत ते जगाने पाहावं आणि एक्केचाळीस नंबर हे निव्वळ भूत आहे हे मान्य करावं, असा शेवट. मीटरवाल्याने सगळं छापलं. शिवणकामवाली रडली. म्हणाली, "भाऊ, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात." तीन दिवस ती यादी तिथे होती. हजारोंनी पाहिली. मीटरवाल्याने दोनदा तपासली, मी चष्मा पुसून पुसून तपासली. आकडे तर आकड्यांसारखेच दिसत होते.

चौथा दिवस रविवार. सलूनमध्ये गर्दी. एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं कापून झालं होतं आणि सलूनवाला मधल्या मिनिटात फोनवर यादी चाळत होता. रविवारी त्याला सौदा करायला हात मोकळा नसे आणि त्याचं समाधान एकच, की रविवारी चलनाचा बाजार जगभर बंदच असतो. आपलं काही बुडत नाही. तो एकदम थांबला. गिऱ्हाईक तसंच सोडून, एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन लावून रस्त्यावर आला. हे मी डोळ्यांनी पाहिलं, मी रांगेत होतो.

"मीटरवाले! आज वार कोणता?... रविवार! बाजार?... बंद! मग मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एक वाजता यांचा भाव पडला कसा? दोन वाजता वर गेला कसा?... अहो, सगळे रविवार बघा! शनिवार बघा!"

आत खुर्चीतून अर्ध्या डोक्याचा माणूस ओरडला, "अहो, माझं काय?"

"तुमचं उद्या!" सलूनवाला म्हणाला.

सगळं जग ज्या दिवशी दुकान बंद करून झोपलं होतं, त्या दिवशीही फुलदाणीच्या कपाटात चलनं वरखाली उड्या मारत होती. भाव त्यांच्याच खोलीत शिजत होते आणि शिजवणाऱ्याने सुट्टी घेतली नव्हती. एकही तास चुकवायचा नाही या हौसेत त्यांनी आठ बंद दिवस भरून काढले. अशी चूक दुसरा कोणी करणार नाही. ज्याने खरा बाजार कधी पाहिलाच नाही त्यालाच ती जमते.

मीटरवाल्याने विजयाची आरोळी वगैरे ठोकली नाही. भिंतीपलीकडे फक्त कागद उलटल्याचा आवाज आला. त्याने कंपनीला पत्र लिहिलं. बाजार बंद असताना भाव कोणी दिला? कधी दिला? कोणाला दिला? चौथ्या दिवशी उत्तर आलं की यादी तांत्रिक कारणाने मागे घेण्यात येत आहे. तेही त्याने पूर्ण छापलं.

यानंतर पहाऱ्यातले सगळे आजारी खडखडीत बरे झाले आणि पाहुणे आपापल्या घरी गेले. तपास करणाऱ्या सरकारी कचेरीनेही यादी मागवून घेतली. फुलदाणीने कचेरी बंद केली आणि तीन आठवड्यांनी नव्या नावाने उघडली. जाहिरातीत टेबल नवं होतं, फुलदाणी तीच. मीटरवाल्याने तिला नवा क्रमांक दिला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पाणी खात्याची चौकशी अकरा महिने चालली. शेवटी एक ओळीचं पत्र आलं: 'तथ्य आढळले नाही.' साहेबाने ते स्वतः कोठारात आणून दिलं आणि म्हणाला, "मला पहिल्यापासून खात्री होती." तोवर निवृत्तीला तीन महिने उरले होते. नव्या माणसाला रस्ते पाठ झालेत, आता कशाला त्रास, म्हणून फेरी परत मिळालीच नाही. मीटरवाला कोठारातूनच निवृत्त झाला. पेन्शन वेळेवर सुरू झाली. निरोप देताना साहेबाने त्याच्या सचोटीवर वीस मिनिटं भाषण केलं. मीटरवाला घरी आल्यावर म्हणाला, "बावीस मिनिटं."

त्यानंतर तो पाच वर्षं जगला. एक्केचाळीस नंबर कोण, हे त्याने वहिनींनाही सांगितलं नाही. परवा मी सांगितलं. वाटलं, आता पूजा बांधतील.  त्या म्हणाल्या, "म्हणून ते कधी तुमच्याकडे आमचा पेचकस परत मागायला जाऊ द्यायचे नाहीत मला. असू दे म्हणायचे, अण्णांना लागत असेल." मुलाला मी अजून बोललो नाही. सलूनवाला हे पहाऱ्याच्या पानावर छापणार आहे, तेव्हा तो वाचेल. छप्पर अजून तसंच आहे, तेही त्याला कळेल.

गेल्या महिन्यात एका सकाळी मीटरवाला खाकरला नाही.

आदल्या संध्याकाळी तो दारात बसला होता आणि मी बाजारातून भाजी घेऊन येत होतो. त्याने पिशवीकडे पाहिलं.

"गुडघा कसाय, अण्णा?"

"आहे आपला. तुमचा पेचकस राहिलाय माझ्याकडे. उद्या आणून देतो."

"आणा हो सावकाश."